अद्भुताचा उपासक : नाथमाधव

हॅरी पॉटर नामक जादूगार बालकाचे सात ग्रंथ 1997 ते 2007 या काळात इंग्रजीत निघाले, त्यांची मराठी भाषांतरेही झाली, आणि लोणावळ्यातील मुलांच्या दप्तरांत ते पाठ्यपुस्तकांच्या आड दडून बसू लागले. काही पालक याविषयी आमच्याजवळ तक्रार करितात. त्यांस आम्ही इतकेच विचारतो की, आपले आजोबा रात्री कंदिलाशी कोणते पुस्तक घेऊन बसत? पुष्कळ घरी उत्तर येते, 'वीरधवल'. त्याचा कर्ता कोण, हे मात्र नातवंडांस ठाऊक नसते.

नाथमाधव हे त्याचे टोपणनाव. खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. जन्म मुंबईस, 3 एप्रिल 1882 रोजी. शालेय शिक्षण बेताचेच झाले. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीस गेले असता कड्यावरून पडून त्यांचा कमरेखालील भाग कायमचा लुळा झाला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे लोहगडाच्या विंचूकाट्यावर उभे राहिले असतील, त्यांस सह्याद्रीचा कडा म्हणजे काय हे सांगावयास नको. धावत्या माणसाच्या वाट्यास अंथरूण आले. वाचन हाच सोबती राहिला, आणि वाचनातून लेखन उपजले. 1908 साली 'प्रेमवेडा' ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

मराठीत अद्भुताची वाट त्यांच्यापूर्वीच पडली होती. बनियनच्या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर, 'यात्रिकक्रमण', 1841 सालचे. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 साली आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 साली निघाली. रिसबुडांनी प्रस्तावनेत मोकळेपणे कबूल केले आहे की, आपल्या घरगुती आयुष्यात मनोरंजक असे फारसे काही घडत नाही, म्हणून लेखकास विलक्षण गोष्टी कल्पाव्या लागतात. त्यांच्या कथेत विमानदेखील आहे. पुढे हरिभाऊ आपट्यांनी त्याच घरगुती आयुष्यात केवढे दुःख दडले आहे हे दाखविले, आणि विमाने जमिनीवर उतरली. अशा वेळी, 1913 साली, खाटेस खिळलेल्या या गृहस्थाने 'वीरधवल' लिहून अद्भुतास पुन्हा उभे केले.

जुन्या आणि नव्यात भेद तो कोणता? 'मंजुघोषे'तील विमान कसे चालते, हे कोणी विचारीत नाही. पॉटरच्या जगात जादूचेही वेळापत्रक असते, परीक्षा असते, नापास होण्याची भीती असते. तेथे अद्भुताचा खुलासा इतका होतो की थोडे कमी सांगितले असते तर बरे, असे आम्हांस वाटते. पण एका बाबतीत नवा ग्रंथ सरस आहे. जुने नायक बहुधा रूपवान आणि कुलीन. दुःख त्यांस केवळ कथा लांबविण्यासाठी भेटते. पॉटर हा मावशीच्या घरी जिन्याखालील फडताळात निजणारा पोरका मुलगा आहे, आणि त्याचे पोरकेपण सातव्या भागापर्यंत सुटत नाही. नाथमाधव या दोहोंच्या मध्ये उभे आहेत. त्यांचा भर मंत्रतंत्रापेक्षा साहसावर आणि कपटकारस्थानांवर आहे. ज्यास उठून दारापर्यंत जाता येत नव्हते, त्याने साहस लिहिले. ही गोष्ट डोळ्यांआड करून ती पाने आम्हांस वाचता येत नाहीत. इंग्लंडात टॉल्किन पहिल्या महायुद्धात आजारी पडून रुग्णालयात असता आपल्या कल्पित जगाच्या कथा लिहू लागले, तो काळ 1916-17 चा. त्यापूर्वीच 'वीरधवल' मराठी वाचकांच्या हाती होते.

मालिका हीही काही नवी युक्ती नव्हे. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशा एकामागून एक ऐतिहासिक कादंबऱ्या नाथमाधवांनी रचिल्या. त्यांतील मावळे म्हणजे आपल्याच पवनाकाठच्या आणि आसपासच्या खोऱ्यांतील माणसांचे पूर्वज. त्यांस गड चढविताना लेखकाच्या मनात काय येत असेल, याचा तर्क आम्ही वाचकांवर सोपवितो. 'डॉक्टर' सारखी सामाजिक कादंबरीही त्यांनी लिहिली. 21 जून 1928 रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

'वीरधवल'ची भाषा आजच्या मुलांस जड वाटेल. पहिली वीस पाने शिक्षकाने किंवा आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवावीत. पुढे मूल पुस्तक हातातून ओढून घेते, असा आमचा अनुभव आहे. विद्यालयाच्या ग्रंथालयात सध्या एकच प्रत असून तिची शिवण सुटत आली आहे. नेणाऱ्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावी.