महात्मा जोतीराव फुले : नाटकांतून धडा देणारे शिक्षक

लहान मुलें भातुकली मांडतात, तेव्हां तीं खेळतां खेळतां घरसंसारही शिकत असतात. दुसऱ्याची भूमिका घेतल्यानें त्याची स्थिति जशी कळते, तशी ती नुसत्या व्याख्यानानें कळत नाहीं. हें तत्त्व लोकशिक्षणाच्या कामीं लावणारे एक थोर पुरुष आपल्याच पुणें जिल्ह्यांत होऊन गेले. ते महात्मा जोतीराव फुले होत. त्यांच्या शाळांची माहिती पुष्कळांस आहे, परंतु त्यांचें नाटक फार थोड्यांस ठाऊक आहे. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी असें आम्हांस वाटतें.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं झाला. आई लहानपणींच निवर्तली. शाळा मध्येंच सुटली व ते मळ्यांत काम करूं लागले. परंतु गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघां शेजाऱ्यांनीं मुलाची बुद्धि ओळखून वडिलांचें मन वळविलें, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. पुढें १८४८ सालीं त्यांनीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली. तेथें त्यांच्या पत्नी सावित्रीबाई शिकवूं लागल्या. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठीं १८५५ सालीं या दांपत्यानें रात्रीची शाळा सुरू केली.

त्याच सालीं जोतीरावांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. विष्णुदास भाव्यांचें ‘सीतास्वयंवर’ होऊन तेव्हां बाराच वर्षें झालीं होतीं, आणि रंगभूमीवर देव व राक्षस यांचेंच राज्य होतें. जोतीरावांनीं तेथें एक गरीब कुणबी व त्याची गरोदर बायको आणून उभीं केलीं. एक जोशी पोटांतील मुलावर ग्रहांचें संकट असल्याची भीति घालतो, आणि तें टाळण्यासाठीं तीं भोळीं माणसें कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतात. वाटेंत एक पाद्री भेटून त्यांची समजूत काढतो. विदूषक मधून मधून बोलून प्रत्येक फसवणुकीचें मर्म उघड करतो. शेवटीं नवराबायको रात्रीच्या शाळेंत जाण्याचा निश्चय करतात. तीच ही जोतीराव-सावित्रीबाईंची शाळा ! नाटक संपावें आणि प्रेक्षकानें पाटी हातीं घ्यावी, अशी ही योजना होती. विद्या हाच मनुष्याचा तिसरा डोळा, असें त्यांचें मत होतें.

हें नाटक त्यांनीं दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें. परंतु कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें तें नाकारलें गेलें, अशी हकीकत त्यांनीं ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या ग्रंथांत सांगितली आहे. नाटक तसेंच पडून राहिलें.

नाकारलेला धडा किती गरजेचा होता, हें वीस वर्षांनीं आपल्या पिंपळीच्या मुलुखांत दिसून आलें. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि त्यांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. ज्या कागदावर अंगठा उठविला, त्यावर काय लिहिलें आहे हें त्यांतील बहुतेकांस वाचतां येत नव्हतें. कागद जळाले, अज्ञान मात्र जळण्यानें जात नाहीं, तें शिकण्यानेंच जातें.

जोतीरावांनीं एकदां स्वतःच शेतकऱ्याचें सोंग घेतलें. १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. बाकीची मंडळी जरीच्या पोशाखांत आणि दागिन्यांनीं मढलेली होती. जोतीराव मात्र साध्या शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि हे पाहुणे म्हणजे हिंदुस्थानची रयत नव्हे, असें त्यांनीं राजपुत्रास निर्भीडपणें सुनावलें. त्यांच्या वेषानेंच निम्मा धडा शिकविला असेल. त्याच वर्षीं लोकांनीं त्यांस ‘महात्मा’ ही पदवी दिली. ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते निवर्तले. त्यांचें नाटक छापून निघण्यास मात्र १९७९ साल उजाडावें लागलें.

विद्यार्थिमित्रहो, संमेलनांत नाटक करण्यास तुम्ही उत्सुक असतां. परंतु त्यास पडदा किंवा रंग हवाच असें नाहीं. इतिहासाच्या तासास एकानें सावकार व्हावें, दुसऱ्यानें कुळ व्हावें, आणि वर्गानें मध्यें कर्जरोखा ठेवून तो वाचून पाहावा. कुळाच्या जागीं जो उभा राहील, त्यास सुप्याची हकीकत पाठ करावी लागणार नाहीं. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मूल सोंग घेऊं लागलें तर त्यास रागावूं नये. तें कोणाचें दुःख समजून घेत आहे, तें पाहावें.