विश्लेषण : ‘कोलेस्टेरॉल’चे बारसे कोणी केले? चरबी, साबण आणि १०२ वर्षे जगलेल्या शेव्हरलची गोष्ट

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आता मोबाइलवरच पीडीएफ म्हणून येतो. त्यात कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड असे शब्द असतात आणि समोर लाल अक्षरांत आकडे. या शब्दांमागचे रसायनशास्त्र ज्याने सर्वांत आधी उलगडले, तो मिशेल यूजेन शेव्हरल हा फ्रेंच शास्त्रज्ञ. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी जन्मलेला हा माणूस आयफेल टॉवर उभा राहिलेला पाहून गेला.

शेव्हरल कोण होता?

३१ ऑगस्ट १७८६ रोजी फ्रान्समधील आंजे शहरात त्याचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. त्याचे बालपण क्रांतीच्या रक्तपाताच्या काळात गेले. वयाच्या १७ व्या वर्षी तो पॅरिसला आला आणि व्होकलँ या नामांकित रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. पुढे तिथल्या निसर्ग इतिहास संग्रहालयाशी त्याचे नाते जुळले, ते आयुष्यभरासाठी.

चरबीकडे तो वळला साबणामुळे. १८११ मध्ये डुकराची चरबी आणि पोटॅश यांपासून बनवलेला साबण त्याच्याकडे तपासणीसाठी आला. त्या साबणातून त्याला मोत्यासारखे चमकणारे स्फटिक मिळाले. मोत्याला ग्रीक भाषेत ‘मार्गारॉन’ म्हणतात, त्यावरून त्याने या पदार्थाचे नाव ठेवले. हे ‘मार्गारिक आम्ल’ म्हणजे खरे तर दोन आम्लांचे मिश्रण होते, हे नंतर दुसऱ्यांनी दाखवून दिले. तरीही १८६९ मध्ये लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून आलेल्या ‘मार्गारिन’ला त्यावरूनच नाव मिळाले. म्हणजे किराणा दुकानात आजही विकला जाणारा एक पदार्थ शेव्हरलच्या चुकीचे नाव मिरवतो.

चरबीत नेमके काय सापडले?

तेव्हा चरबी हा एकच, साधा पदार्थ मानला जाई. साबण करताना ती अल्कलीला जशीच्या तशी चिकटते, अशी समजूत होती. शेव्हरलने माणूस, मेंढी, बैल, राजहंस, इतकेच काय जग्वारचीही चरबी तपासली. अल्कोहोलमध्ये विरघळवायची, थंड करायची, स्फटिक वेगळे करायचे, पुन्हा तेच. पदार्थ शुद्ध झाला की नाही हे कसे ठरवायचे? तो किती तापमानाला वितळतो ते पाहायचे. शुद्धीकरण पुन्हा करूनही वितळण्याचे तापमान बदलले नाही, तर पदार्थ शुद्ध. ही कसोटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही वापरतात.

या कामातून दिसले, की चरबी ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांच्या जोडणीतून बनते आणि साबण करताना ती जोडणी तुटते. एका ग्लिसरीनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात, हे पुढे बर्थेलो याने सिद्ध केले. रिपोर्टमधले ‘ट्रायग्लिसराइड’ ते हेच.

स्टिअरिक, ओलिइक, ब्यूटिरिक ही मेदाम्लांची नावे शेव्हरलचीच. खवट लोण्याचा तो ओळखीचा वास ब्यूटिरिक आम्लाचा. स्टिअरिक आम्ल घट्ट, तर ओलिइक पातळ. थंडीत तूप थिजते, पण शेंगदाणा तेल सहसा वाहते राहते, कारण त्यात ओलिइक आम्ल भरपूर असते. डॉक्टर संपृक्त आणि असंपृक्त मेद असा जो फरक सांगतात, त्याची पहिली विभागणी इथे झाली. हे सारे संशोधन १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

मग कोलेस्टेरॉल?

पित्ताशयातल्या खड्यांमध्ये मेणासारखा पांढरा पदार्थ असतो, हे अठराव्या शतकातच माहीत होते. पुरलेल्या प्रेतांवर तयार होणारा मेणचट थर, व्हेल माशाच्या डोक्यातील मेण आणि हा पदार्थ एकच आहेत, असे फुर्क्रवा या वजनदार रसायनशास्त्रज्ञाचे मत होते. शेव्हरलने खड्यातला पदार्थ पोटॅशमध्ये उकळला. त्याचा साबण झालाच नाही. म्हणजे तो साध्या चरबीपेक्षा वेगळा होता. १८१६ च्या सुमारास त्याने ग्रीक भाषेतील पित्त आणि घन या शब्दांवरून त्याला ‘कोलेस्टेरीन’ नाव दिले. तो अल्कोहोलच्या गटात मोडतो हे कळल्यावर त्याचे ‘कोलेस्टेरॉल’ झाले.

चरबी आणि कोलेस्टेरॉल यांतला हा फरक दोनशे वर्षांनंतरही आपल्याला नीट उमगलेला नाही. खाद्यतेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असे ठळक छापतात. वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, त्यामुळे ही बढाई कोणतेही वनस्पती तेल मारू शकते. पण पाम तेलासारख्या तेलातली संपृक्त मेदाम्ले रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढवू शकतात. पिशवीच्या दर्शनी भागापेक्षा मागचा तक्ता वाचणे बरे. दुसरीकडे कोलेस्टेरॉलशिवाय शरीर चालत नाही. पेशींचे आवरण, ड जीवनसत्त्व, अनेक संप्रेरके आणि पित्ताम्ले यांसाठी ते लागते आणि यकृत ते स्वतःच तयार करते.

हृदयविकाराशी त्याचा संबंध शेव्हरलला ठाऊक नव्हता. १९१० मध्ये विंडाउस या जर्मन शास्त्रज्ञाला कठीण झालेल्या धमन्यांमध्ये कोलेस्टेरॉल कितीतरी पट जास्त आढळले. १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्हने सशांना ते खायला घालून त्यांच्या धमन्यांत तसेच थर निर्माण करून दाखवले. शेव्हरलने मधुमेहातही मोलाची भर घातली होती. रुग्णाच्या लघवीतली साखर म्हणजे द्राक्षातलीच साखर, हे त्याने १८१५ मध्ये ओळखले.

मेणबत्ती आणि रंग

प्राण्यांच्या चरबीच्या मेणबत्त्या धूर सोडत, दर्प मारत. मेदाम्लांच्या मेणबत्त्या स्वच्छ जळतात, म्हणून १८२५ मध्ये त्याने गे-ल्युसॅकसोबत पेटंट घेतले. धंदा मात्र जमला नाही. पैसे नंतर दुसऱ्या उद्योजकांनी कमावले.

१८२४ मध्ये तो गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख झाला. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार होती. त्याने तपासले तर रंगात दोष नव्हता, शेजारच्या रंगांमुळे डोळा फसत होता. यावरचा त्याचा १८३९ चा ग्रंथ पुढे चित्रकारांनी अभ्यासला.

शंभरीत काय केले?

१८८६ मध्ये त्याची शंभरी फ्रान्सने थाटात साजरी केली. छायाचित्रकार नादार याने तेव्हा त्याच्याशी संवाद साधला आणि मुलाने छायाचित्रे टिपली. ही जगातली पहिली छायाचित्र-मुलाखत मानली जाते. तो वाइन पीत नसे, म्हणून त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहारात शोधणारे तेव्हाही होते. एका माणसाच्या वयावरून आहाराचा नियम काढता येत नाही, हे काटेकोर प्रयोगांच्या या माणसाला नक्कीच पटले असते.

९ एप्रिल १८८९ रोजी, आयफेल टॉवरच्या उद्घाटनानंतर नऊ दिवसांनी, तो गेला. टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची नावे कोरली आहेत. त्यातले एक शेव्हरलचे आहे, आणि नावांची यादी ठरली तेव्हा तो हयात होता.