परत बोलावणारा सर्जन



स्मरणिकेसाठी आवडत्या थोर व्यक्तीवर लिही, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. वर्गातल्या अनेकांना वाटलं असेल, हा गळ्याचा सर्जन, म्हणजे एखाद्या भारतीय डॉक्टरवर लिहील. मी मात्र निवडला आहे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वारलेला एक स्विस माणूस. त्याचं नाव मी रोज घेतो, तेही चुकीचं. शस्त्रक्रियेच्या वेळी सिस्टरकडे हात पुढे करून आम्ही ‘कोचर’ मागतो. टोकाला दात असलेला तो चिमटा ज्याच्या नावाचा, त्या थिओडोर कोखरची ही गोष्ट.

कोखरचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झाला. वडील इंजिनियर, आई अत्यंत धार्मिक वृत्तीची. वैद्यकीय शिक्षण बर्नमध्येच झालं. पुढे युरोपातल्या मोठमोठ्या शहरांत जाऊन त्याने त्या काळचे नामवंत सर्जन काम करताना पाहिले. १८७२ मध्ये, वयाच्या एकतिशीच्या आतबाहेर, तो बर्न विद्यापीठात शस्त्रक्रियेचा प्राध्यापक झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे १९१७ पर्यंत, त्याच खुर्चीवर राहिला.

आल्प्सच्या डोंगराळ भागात तेव्हा गलगंडाचा सुळसुळाट होता. अन्नपाण्यात आयोडीन नाही, त्यामुळे थायरॉईड ग्रंथी फुगून गळ्याशी नारळाएवढी होई आणि श्वास कोंडे. तिच्यावर चाकू चालवणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. कोखरच्याही सुरुवातीच्या शंभर रुग्णांपैकी तेराच्या आसपास दगावले. पण हा माणूस घाई करणारा नव्हता. एकेक रक्तवाहिनी आधी पकडायची, बांधायची, मगच कापायची. जंतुनाशक पद्धतीही त्याने लवकर स्वीकारली. आयुष्याच्या शेवटी त्याच्या हातून पाच हजारांच्या आसपास अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि मृत्यूचं प्रमाण शेकड्याला एकाहूनही खाली आलं होतं. १९०९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला सर्जन.

पण मला तो मोठा वाटतो तो त्या पारितोषिकाच्या पंचवीस-सव्वीस वर्षं आधी घडलेल्या एका प्रसंगामुळे.

१८७४ मध्ये त्याने अकरा वर्षांच्या एका मुलीची संपूर्ण थायरॉईड काढली होती. जखम सुरेख भरली, मुलगी घरी गेली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरकडून कळलं, की पोर पार बदलून गेली आहे. १८८२ मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्दां या सर्जननेही आपल्या रुग्णांबद्दल तसंच काहीसं कानावर घातलं. कोखरला हे झटकून टाकता आलं असतं. नाव झालं होतं, रुग्ण जगत होते. त्याने उलट केलं. जुन्या रुग्णांना निरोप धाडून परत बोलावलं. एका अर्थी तो मेळावाच होता, आपल्यासारखा. फक्त यजमानाला त्यात स्वतःची चूक दिसणार होती.

ती अकरा वर्षांची मुलगी आली, सोबत धाकटी बहीण होती. पूर्वी दोघींत कोण कोण ते ओळखू येत नसे. आता धाकटी उंच, टवटवीत तरुणी झाली होती. थोरलीची वाढ खुंटलेली, चेहरा सुजलेला, बुद्धी मंदावलेली. पूर्ण ग्रंथी काढलेले जे अठरा जण तपासले, त्यांतल्या सोळा जणांची कमीअधिक हीच अवस्था. एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत उभं राहून कोखरने हे सारं स्वतः सांगितलं. साध्या गलगंडासाठी यापुढे पूर्ण थायरॉईड काढायची नाही, हा त्याचा निश्चय झाला. त्याच्या या कबुलीतूनच थायरॉईडचं शरीरातलं काम जगाला कळू लागलं.

थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार ग्रंथी असतात. त्या पॅराथायरॉईड. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. १८८० मध्ये स्वीडनच्या सँडस्ट्रॉमने त्यांचं वर्णन केलं, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. व्हिएन्नाच्या बिलरोथ या थोर सर्जनच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हातपाय आखडण्याचे झटके येत. कोखरच्या रुग्णांना ते क्वचितच. अमेरिकन सर्जन हॉलस्टेडने पुढे याचं कारण सांगितलं. कोखर थायरॉईडच्या आवरणाला चिकटून इतक्या नेमकेपणाने काम करी, की मागचे हे दाणे आपोआप जागेवर राहत.

याच दाण्यांना क्वचित कर्करोग होतो. कोखरनंतर बर्नच्या खुर्चीवर आलेला द केर्व्हें हा त्याचं वर्णन करणाऱ्या पहिल्यांपैकी एक. आणि इथे माझा कबुलीजबाब येतो.

वीसेक वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. सारखे मूतखडे, हाडं दुखणं, कॅल्शियम फार वाढलेलं. गळ्यात गाठ हाताला लागत होती. ती टणक होती, थायरॉईडला घट्ट चिकटलेली. मी साधी गाठ समजून ती सोलून काढली. खरं तर आवरण फुटू न देता, त्या बाजूच्या अर्ध्या थायरॉईडसकट एकसंध काढायला हवी होती. तपासणीत कर्करोग निघाला. कॅल्शियम उतरलं होतं, बाई खूश होत्या. त्रास झाला तर या, एवढंच सांगून मी त्यांना घरी पाठवलं. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, तेही जन्मभर, हे ठासून सांगितलं नाही. सहा वर्षांनी त्या आल्या तेव्हा रोग गळ्यात पसरला होता आणि मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. या रोगात बहुधा गाठीपेक्षा वाढलेलं कॅल्शियमच जीव घेतं. पुन्हा शस्त्रक्रिया केली, औषधं दिली. तीन वर्षांनी त्या गेल्या.

कोखरचं चरित्र मी नीट वाचलं ते त्यानंतर. तेव्हापासून माझ्याकडे एक जाड वही आहे. अशा प्रत्येक रुग्णाचं नाव, फोन, कॅल्शियमचे आकडे. जो येत नाही, त्याला मी स्वतः फोन लावतो. एकदोघांची लवकर लक्षात आलेली गाठ वेळेत निघाली, ती या वहीमुळेच.

परीक्षेचा पेपर तपासून झाल्यावर आपल्या गणिताच्या बाई आपल्याला टेबलाशी बोलावत आणि चूक नेमकी कुठे झाली ते आपल्यालाच शोधायला लावत. तेव्हा राग यायचा. बाई, आज या मेळाव्यात तुम्ही समोर बसलेल्या असाल. तुमचा तो विद्यार्थी उशिरा का होईना, स्वतःचा पेपर तपासायला शिकला, एवढंच सांगायचं होतं.