मोफत वर्ग आहेत, पण वेळ कुठे आहे? ना. म. जोशींनी शंभर वर्षांपूर्वी सोडवायला घेतलेले गणित

ग्रंथालयातल्या व्याख्यानाचा फलक तुम्ही पाहिला असेल. प्रवेश विनामूल्य, वेळ सायंकाळी ६. पण त्याच वेळी चाकण, भोसरी, तळवड्यात सेकंड शिफ्ट मशीनवर उभी असते आणि फर्स्ट शिफ्टचा कामगार घरी पोहोचून जेमतेम टेकलेला असतो. व्याख्यान मोफत असते, तरीही खुर्च्यांवर बहुतेक निवृत्त मंडळीच दिसतात. कामगारांना शिकायची आवड नाही, असे म्हणून आपण विषय संपवतो.

हाच प्रश्न मुंबईच्या गिरणगावात ११० वर्षांहून अधिक काळापूर्वी एका माणसासमोर उभा राहिला होता. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावर ज्यांचे नाव आहे, तेच हे नारायण मल्हार जोशी. तिथल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या बातम्यांत हे नाव वारंवार येते. माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नाही.

कोण होते ना. म. जोशी?

जन्म ५ जून १८७९, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. शिक्षण पुण्यात. १९०१ मध्ये डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढची सुमारे आठ वर्षे शिक्षक म्हणून काम केले. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत दाखल झाले. या संस्थेचे सदस्य तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर सार्वजनिक काम करत.

१९११ मध्ये जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. न्यायमूर्ती नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले, रोजचे काम जोशींकडे आले.

तेव्हा कामगाराचा दिवस कसा होता?

रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून आलेली माणसे चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीने राहायची. आजच्या कॉट बेसिसचीच ही जुनी आवृत्ती. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळल्यावर काम थांबायचे बंधनही गेले. काही गिरण्या दिवसाला १४-१५ तास चालू लागल्या. प्रौढ पुरुषाने किती तास काम करायचे, याला तोवर कायद्याची मर्यादाच नव्हती. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांपुरती ती पहिल्यांदा घातली, १२ तासांची.

त्यात बहुतेकांना अक्षरओळख नाही. गावाहून आलेले पत्र वाचायला दुसऱ्याकडे जायचे. पगारातून दंड किती कापला, हे मुकादम सांगेल ते खरे. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, हे न कळताच अंगठा उठवायचा. या माणसाला वाचता येण्याचा अर्थ अगदी रोकडा होता. आपल्या कष्टाचे पैसे कुठे जातात, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले असते.

लीगने काय केले?

कामगारांसाठी रात्रीची शाळा ही कल्पना जोशींची नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्येच शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शिकता येत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

लीगने हे काम गिरणगावात संघटितपणे केले. रात्रीच्या शाळा काढल्या. मोफत वाचनालये आणि ग्रंथालये सुरू केली. ग्रंथालयापर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी फिरती ग्रंथालये ठेवली. ज्यांना वाचताच येत नव्हते, त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नवर चित्रे दाखवत आरोग्य आणि स्वच्छतेवर व्याख्याने झाली. ही सगळी शिकवणी मोठ्या माणसांसाठी होती.

पण नुसते वर्ग भरवून भागत नाही, हेही लीगला दिसत होते. कर्जात बुडालेल्या माणसाचे लक्ष फळ्यावर लागत नाही, म्हणून सहकारी पतसंस्था काढल्या. कोर्टकचेरीत अडकलेल्या गरिबांना कायद्याचा सल्ला दिला. दवाखाने, पाळणाघरे, व्यायामशाळा आल्या. करमणुकीसाठी नाटके आली. परळचे दामोदर नाट्यगृह याच लीगचे. कामगार रंगभूमीतल्या अनेक कलाकारांना त्याने पहिला मंच दिला.

मग ग्रंथालयातून कामगार संघटनेकडे कसे?

जोशींच्या कामातला दुवा इथे आहे. वर्ग मोफत आहे, दिवा लावलेला आहे, गुरुजी हजर आहेत. पण १२ तास यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस पाटी हातात घेऊन पेंगणारच. त्याची फी माफ करणे लीगच्या हातात होते. त्याचे तास कमी करणे मात्र नव्हते. ते काम कायद्याचे होते, आणि जोशी तिकडे वळले.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद झाली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवले. परिषदेने उद्योगांसाठी आठवड्याला ४८ तासांचे तत्त्व मान्य केले, भारतासाठी मात्र ६० तासांची वेगळी मर्यादा ठरवली. अशा परिषदेत देशभरच्या कामगारांच्या वतीने बोलणारी मध्यवर्ती संघटना भारतात तेव्हा नव्हती. ती उणीव पुढच्याच वर्षी भरून निघाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तिच्या संस्थापकांत जोशी होते.

१९२१ पासून दोन दशकांहून अधिक काळ ते केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळावी, असा ठराव त्यांनी १९२१ मध्येच मांडला. तो कायदा १९२६ मध्ये झाला. कामाच्या तासांचा प्रवास असा:

• १९११: कापड गिरण्यांत दिवसाला १२ तास
• १९२२: दिवसाला ११, आठवड्याला ६० तास
• १९३४: बारमाही कारखान्यांत दिवसाला १०, आठवड्याला ५४ तास
• १९४८: दिवसाला ९, आठवड्याला ४८ तास

हे एकट्या जोशींचे श्रेय नाही. त्यामागे संप होते, उपासमार होती, गोळ्या खाल्लेले कामगार होते. पण रस्त्यावरची मागणी कायद्याच्या कलमात उतरवण्यासाठी जी चिकाटी लागते, ती जोशींनी आयुष्यभर दाखवली.

त्यांच्यावर टीका का झाली?

जोशी मवाळ होते. चर्चा, आकडेवारी, अर्ज, दुरुस्ती हा त्यांचा मार्ग. १९२८ च्या मुंबईतल्या सहा महिन्यांच्या संपात ते संपकऱ्यांसोबत होते, पण गिरणगावाची मने जिंकली ती कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनने. पुढच्याच वर्षी सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही, यावरून नागपूर अधिवेशनात फूट पडली. जोशी त्या कमिशनचे सदस्य होते. ज्या संघटनेच्या उभारणीत त्यांचा हात होता, तीच त्यांना सोडावी लागली. १९४० मध्ये ते पुन्हा तिचे सरचिटणीस झाले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

मालकांच्या सहकार्याने चालणाऱ्या कामांवर कामगारांनी किती विश्वास ठेवायचा, हा टीकाकारांचा प्रश्न चुकीचा नव्हता. तरीही सुमारे चार दशकांत १२ तासांचे ९ तास झाले, यात जोशींच्या अर्ज-दुरुस्त्यांचाही वाटा आहे.

याचा पिंपरी-चाकणशी काय संबंध?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तास करण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली आहे. म्हणजे कागदावर चार दिवस काम आणि तीन दिवस सुट्टी शक्य आहे. प्रत्यक्षात वाढीव तासांची सुट्टी होणार की ओटी, यावर सगळे अवलंबून आहे.

साधा हिशेब करू. समजा चाकणला कामाला जाणाऱ्या कुणाचे दोन तास रस्त्यावर जातात, सात तास झोपेत आणि तीन तास अंघोळ, स्वयंपाक, कपडे, बाजार यात. आठ तासांच्या शिफ्टमध्ये त्याच्याकडे चार तास उरतात. बारा तासांच्या शिफ्टमध्ये उरतात शून्य.

मोफत वर्ग भरवायचा तो या चार तासांत. म्हणून ग्रंथालयाने कार्यक्रम ठरवताना आधी शिफ्ट पाहायला हवी. व्याख्यान रविवारी सकाळी किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवता येते. ते सभागृहाऐवजी कामगार राहतात त्या वस्तीत नेता येते. विषय पगाराच्या पावतीवरून सुरू करता येतो: पीएफ किती कापला, कंत्राटावर काय लिहिले आहे, ओटी कोणत्या दराने मिळायला हवा. मराठवाडा-विदर्भातून किंवा बिहारमधून आलेल्या कामगाराला हे आज हवे आहे, जसे १९११ मध्ये रत्नागिरीहून आलेल्याला सावकाराचा कागद वाचता यायला हवा होता.

एवढे करूनही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर दोष लगेच कामगाराच्या आवडीवर ढकलू नये. त्याच्या हाजरीच्या कार्डावरचे तास आधी मोजावेत.