रिपोर्टमधलं ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ आणि पॉल एर्लिक

गेल्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपचा पीडीएफ मोबाईलवर आला. सगळे आकडे काळे, फक्त टोटल बिलिरुबिन १.९ लाल अक्षरात! गुगल केलं आणि झोपच उडाली. त्याखाली ‘डायरेक्ट ०.३, इनडायरेक्ट १.६’ असंही होतं. डायरेक्ट म्हणजे नेमकं काय डायरेक्ट? शोधता शोधता पोचलो पॉल एर्लिकपाशी.

एर्लिकचा जन्म १८५४ चा, श्ट्रेलेनचा. तेव्हा हे गाव प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. त्या काळात जर्मनीत डांबरापासून कापडाचे नवनवे रंग बनत होते. त्याच्या नात्यातला कार्ल वायगर्ट तेच रंग मायक्रोस्कोपखालच्या नमुन्यांना द्यायचा. एर्लिकला प्रश्न पडला, एखादा रंग एकाच पेशीला का चिकटतो, शेजारच्या पेशीला का नाही? १८७८ चा प्रबंधही त्याने याच विषयावर लिहिला. आयुष्यभर त्याने हा प्रश्न सोडला नाही.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्याला बॉस मिळाले फ्रेरिख्स, म्हणजे यकृताच्या आजारांतलं मोठं नाव. १८८३ मध्ये एर्लिकने दाखवलं की सल्फॅनिलिक ॲसिड आणि सोडियम नायट्राइटपासून बनवलेलं रसायन बिलिरुबिनशी जुळून रंग बदलतं. रंग जितका गडद, तितकं बिलिरुबिन जास्त. आपल्या भाषेत हा सेन्सरच झाला. आजही बऱ्याच लॅबमधली मशीन्स याच डायझो रिॲक्शनवर चालतात.

मग क्षयरोग झाला. तोही त्याला स्वतःच्याच थुंकीत सापडला, स्वतःच सुधारलेल्या रंगपद्धतीने! इजिप्तमध्ये राहून तो बरा झाला. १९०८ ला नोबेल, नंतर सिफिलिसवरचं सॅल्व्हर्सान. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं, डायझोचं मात्र कुणी सांगत नाही. १९१५ मध्ये तो गेला.

गंमत म्हणजे ‘डायरेक्ट’ हा शब्द त्याचा नाहीच. १९१६ मध्ये व्हॅन डेन बर्ग आणि म्युलर यांनी दाखवलं की रक्तातलं काही बिलिरुबिन त्या रसायनाशी थेट रंग देतं, तर काही अल्कोहोल घातल्यावरच. थेट रंग देणारं म्हणजे यकृताने प्रक्रिया करून पाण्यात विरघळणारं केलेलं. दुसरं म्हणजे अजून प्रक्रिया न झालेलं. लॅब टोटल आणि डायरेक्ट मोजते, इनडायरेक्ट म्हणजे नुसती वजाबाकी.

म्हणून डायरेक्ट वाढलं तर शंका यकृताच्या पेशींवर किंवा पित्तनळीच्या अडथळ्यावर जाते. फक्त इनडायरेक्ट वाढलं तर लाल पेशी जास्त फुटताहेत का, ते बघतात. माझं एसजीपीटी, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी टेस्ट परत करायला लावली आणि गिल्बर्ट सिंड्रोम सांगितला. जन्मजात, निरुपद्रवी, उपाशी राहिलं की आकडा वाढतो. आणि मी नेमका चौदा तास उपाशी राहून रक्त दिलं होतं!

यंदाही ती ओळ लालच आली. मी आधी खालची डायरेक्टची ओळ बघितली, मग चहा घेतला.