बेसी कोलमन आणि तिची न उघडलेली शाळा

विमानाचा शोध लागून तेव्हा अवघी अठरा वर्षे झाली होती. माणूस आकाशात उडतो याचेच लोकांना नवल वाटत होते. अशा काळात, १५ जून १९२१ रोजी, फ्रान्समध्ये एका कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणीच्या हाती विमानचालनाचा आंतरराष्ट्रीय परवाना पडला. तिचे नाव बेसी कोलमन. वैमानिकाचा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री होय. तिच्या नावापुढे हे 'पहिली' नेहमी लावले जाते. पण तिचे चरित्र वाचताना मला दुसरीच एक गोष्ट मोठी वाटली. बेसीला नुसते उडायचे नव्हते. आपल्या लोकांना उडायला शिकवणारी शाळा तिला काढायची होती. ती शाळा तिच्या हयातीत उघडलीच नाही. तरीसुद्धा ती शाळा निघालीच नाही, असे मला म्हणवत नाही.

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सास राज्यातील अटलांटा या लहान गावी झाला. तेरा भावंडांत ती दहावी. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत राबणारे. पुढे हे कुटुंब वॅक्सहॅची या गावी आले. बेसी नऊ वर्षांची असताना वडील घर सोडून ओक्लाहोमाकडे निघून गेले आणि सारा भार आईवर, सुसानवर पडला. आई गोऱ्यांच्या घरी घरकामाला जाई, तेव्हा धाकट्या बहिणींना बेसी सांभाळी. काळ्या मुलांची एका खोलीची शाळा चार मैलांवर होती. ती वाट पायी तुडवायची, आणि कापसाचा हंगाम आला की शाळा बंद, सगळी मुले शेतात. बेसीचे गणित चांगले होते. म्हणून घरच्यांनी वेचलेल्या कापसाच्या वजनाचा हिशेब तिच्याकडे असे.

हे वाचताना मी थबकले. मी कापसाच्या मुलखातली आहे. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या बाया कमरेला ओटी बांधून पहाटेच शेतात जातात आणि संध्याकाळी काट्यावर किती किलो भरले ते बघतात. माझी आई त्यांतलीच एक. तिला आकडे वाचता येत नाहीत. काट्याशी उभे राहून आकडा वाचण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. टेक्सास कोठे आणि आमचे गाव कोठे! पण शिकलेल्या मुलीचा घराला पहिला उपयोग काय होतो, हे बेसीला ठाऊक होते तसेच मलाही ठाऊक आहे.

कपडे धुऊन साठवलेल्या पैशांवर बेसी १९१० मध्ये ओक्लाहोमातील लँग्स्टन येथे महाविद्यालयात दाखल झाली. एका सत्रातच पैसे संपले आणि ती परत आली. १९१५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, ती भावांकडे शिकागोला गेली आणि एका केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे कापून रंगवण्याचे काम करू लागली. पहिले महायुद्ध संपले आणि तिचा भाऊ जॉन फ्रान्सहून परतला. तिकडच्या बायका विमाने उडवतात, असे सांगून तो तिला चिडवीत असे. थट्टेतून निघालेली ही गोष्ट बेसीने मनावर घेतली.

अमेरिकेतील कोणतीही विमानशाळा तिला प्रवेश देईना. एक तर काळी, त्यात बाई. त्या काळी तेथील लष्करातही काळ्या माणसाला वैमानिक होता येत नव्हते. युजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन १९१७ मध्ये फ्रान्सच्या सैन्यातर्फे लढाऊ विमान चालवीत होता, पण त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला आपल्या हवाई दलात घेतले नाही. 'शिकागो डिफेंडर' या वृत्तपत्राचे प्रकाशक रॉबर्ट अॅबट यांनी बेसीला फ्रान्सला जाण्याचा सल्ला दिला. तिने काम सांभाळून फ्रेंच भाषा शिकून घेतली, पैसे जमवले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीत बसली.

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर ल क्रोत्वा येथे कॉद्रों बंधूंची विमानशाळा होती. शिकायला निओपोर बनावटीचे दोन पंखी विमान. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि तारा. गाडीसारखे चाक नाही की ब्रेक नाही. हातात एक जाड दांडा आणि पायाखाली एक आडवी पट्टी, एवढ्यावर सारा कारभार. तिच्या डोळ्यांदेखत तिथला एक विद्यार्थी अपघातात मरण पावला. तरी ती मागे फिरली नाही. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम तिने सात महिन्यांत पुरा केला.

सप्टेंबर १९२१ मध्ये ती मायदेशी परतली. पण परवाना म्हणजे पोट भरण्याचे साधन नव्हे. त्या काळी वैमानिकाला पैसा मिळे तो कसरतींच्या प्रयोगांतून. त्यासाठी ती १९२२ मध्ये पुन्हा युरोपात जाऊन पुढचे शिक्षण घेऊन आली. ३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळ तिचा पहिला जाहीर प्रयोग झाला. महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय ३६९व्या पलटणीच्या सन्मानार्थ तो होता.

आता शाळेसाठी स्वतःचे विमान हवे होते. तिला परवडले ते 'जेनी'. महायुद्धात अमेरिकन सैन्याने आपले वैमानिक याच विमानावर तयार केले होते. युद्ध संपताच सैन्याने ही विमाने स्वस्तात विकायला काढली. म्हणजे सैन्याच्या ज्या प्रशिक्षणाला काळ्यांना मज्जाव होता, त्याच प्रशिक्षणातले उरलेसुरले, वापरून झिजलेले विमान बेसीच्या वाट्याला आले. फेब्रुवारी १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात उड्डाण करताच सुमारे ३०० फुटांवर इंजिन बंद पडले. विमान कोसळले, पाय मोडला, बरगड्या मोडल्या. बरी होऊन ती पुन्हा उभी राहिली. व्याख्याने दिली, फ्लोरिडात केशभूषेचे दुकान काढले, पै पै जोडली. पण पैशासाठी तिने मान तुकवली नाही. चित्रपटात फाटक्या कपड्यांतली गावंढळ बाई व्हायला सांगितले, तेव्हा तिने ती भूमिका सोडली. वॅक्सहॅचीच्या प्रयोगात काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळी फाटके ठेवाल तर मी उडणार नाही असे तिने बजावले, आणि फाटक एकच राहिले.

एप्रिल १९२६ मध्ये तिने घेतलेले आणखी एक जुने जेनी विल्यम विल्स या तंत्रज्ञाने डॅलसहून फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलला आणले. वाटेत ते बिघडून त्याला मध्येच उतरावे लागले होते. ३० एप्रिलला, प्रयोगाच्या आदल्या दिवशी, बेसी त्यात बसली. विमान विल्स चालवीत होता. दुसऱ्या दिवशी हवाई छत्रीने कोठे उतरायचे हे वाकून पाहता यावे म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. एकाएकी विमानाने खाली तोंड करून गिरकी घेतली आणि बेसी बाहेर फेकली गेली. विमानाबरोबर विल्सही गेला. नंतर आढळले की, विसरून राहिलेला एक पाना नियंत्रणाच्या यंत्रणेत अडकला होता. बेसी चौतीस वर्षांची होती.

याला अपघात म्हणतात, आणि तो अपघातच होता. पण चांगले विमान घेण्याची ऐपत असती तर, शिकण्याची आणि कमावण्याची वाट इतरांसारखी सरळ असती तर, ही वेळ आली असती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. गरिबाच्या मुलाला शिक्षण मिळते तेव्हाही पुष्कळदा ते जुन्या, टाकाऊ साधनांवरच मिळते. त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

शाळा मात्र मागच्यांनी काढली. १९२९ मध्ये, पायदळातून लढलेल्या विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये बेसीच्या नावाने विमान मंडळ स्थापन केले आणि तेथे काळी मुले-मुली उडायला शिकू लागली. १९४१ मध्ये टस्कीगी येथे अमेरिकन सैन्यानेच कृष्णवर्णीय वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू केले आणि १९४६ पर्यंत सुमारे एक हजार वैमानिक तेथून बाहेर पडले. १९९२ मध्ये अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीने, मे जेमिसन यांनी, बेसीचे छायाचित्र बरोबर नेले होते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहोत. पदवी मिळाली की सुटलो, असे आपल्याला वाटते. त्यात वाईट काही नाही, घरी गरजच तशी असते. बेसीलाही फ्रान्समध्ये राहून सुखाने उडता आले असते. ती परत आली, कारण जी दारे तिला बंद होती ती मागून येणाऱ्यांना तरी उघडी असावीत अशी तिची इच्छा होती. आपण शिकून बाहेर पडू तेव्हा आपल्यामागे कोणाकोणासाठी दार उघडे राहील, एवढे तरी प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.