सिस्टर मेरी केनेथ केलर

ज्युबिलीच्या अंकात संतांची चरित्रे यावीत, हे रीतीस धरूनच आहे. आम्ही मात्र येथे अशा एका धर्मभगिनीची हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहो की, त्यांस संतपद लाभलेले नाही आणि त्यांची कीर्ती झाली ती संगणकाच्या विद्येत. चाळिशी उलटली की नवी विद्या आपल्यासाठी नव्हे, असे मानणारे स्त्रीपुरुष आमच्यातही पुष्कळ आहेत. त्यांच्याकरिता ही निवड आहे.

ह्या बाईंचे मूळचे नाव इव्हलिन मरी केलर. अमेरिकेतील ओहायो संस्थानात, क्लीव्हलंड शहरी, १७ डिसेंबर १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. १९३२ साली त्या 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेस्ड व्हर्जिन मेरी' ह्या संघात दाखल झाल्या व १९४० साली त्यांनी व्रते घेतली. हा संघ डब्लिनहून आलेल्या मेरी फ्रान्सिस क्लार्क व त्यांच्या सोबतिणी यांनी १८३३ साली फिलाडेल्फियात स्थापिला व दहा वर्षांनी आयोवातील डब्यूक येथे नेला. मुलींचे शिक्षण हे त्याचे प्रमुख कार्य. सिस्टर मेरी केनेथ यांनीही गणित शिकविले आणि शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातून गणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांतील पदव्या मिळविल्या. त्यांनी मठाची पायरी चढली तेव्हा आज ज्यास संगणक म्हणतात ते विद्युत्कणांवर चालणारे यंत्र जगात कोठेच नव्हते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी.

वयाची चाळिशी ओलांडल्यावर त्या डार्टमथ कॉलेजात ह्या यंत्राचे काम शिकावयास गेल्या. तेथेच केमेनी व कर्ट्झ ह्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १९६४ साली 'बेसिक' नावाची सुलभ यंत्रभाषा सिद्ध केली. तिचेही श्रेय सिस्टरांस देण्याचा मोह अनेक लेखकांना झालेला आहे. आम्ही तो आवरतो. त्यांचे स्वतःचे कार्य पुरेसे मोठे आहे, त्यास उसन्या अलंकारांची गरज नाही.

ते कार्य विस्कॉन्सिन विद्यापीठात झाले. यंत्र अंकांची बेरीज-वजाबाकी भराभर करते, हे तोवर सर्वांस ठाऊक झाले होते. परंतु बीजगणितातील अक्षरांच्या पदावलीचे विकलन यंत्राने करावे आणि अशा रीतीने तयार झालेल्या मांडणीतून अनुमानाने नियम काढावा, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हुशार मूल चार उदाहरणे सोडविल्यावर पाचव्याचा मासला आपणच ओळखते; तीच गोष्ट यंत्राकडून करवून घ्यावयाची होती. ह्यासाठीचे प्रोग्रॅम त्यांनी 'फोर्ट्रान' भाषेत लिहिले. त्या काळी प्रोग्रॅम म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांची चळत असे. एक चिन्ह चुकले तर सारी खेप वाया जाई व पुन्हा पाळीची वाट पाहावी लागे. मठात मुरलेली सहनशीलता येथे कामास आली असावी, असा आमचा तर्क आहे.

७ जून १९६५ रोजी त्यांस डॉक्टरेट मिळाली. त्या वेळी त्यांचे वय ५१ होते. अमेरिकेत संगणकशास्त्रात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच दिवशी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने आयर्विंग टँग ह्या गृहस्थांसही तशीच पदवी दिली; त्या देशातील ह्या विषयाचे हे पहिले दोन डॉक्टर.

एवढ्या मानानंतर सिस्टर परतल्या त्या डब्यूकलाच, आपल्या संघाच्या लहानशा क्लार्क कॉलेजात. ते तेव्हा मुलींचे कॉलेज होते. १९६५ साली तेथे त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग उघडला. उपकरणांसाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे २५,००० डॉलरांचे अनुदान मिळाले. पुढे सुमारे २० वर्षे विभागाची धुरा त्यांनी वाहिली, पुस्तके लिहिली आणि लहान कॉलेजांतील संगणक-शिक्षकांची संघटना उभी करण्यास हातभार लावला. हे यंत्र केवळ गणित्यांचे नव्हे, सर्वांचे व्हावे, असा त्यांचा आग्रह असे. उशिरा शिकावयास आलेल्या, नोकरी व घर दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रियांकडे तर त्यांचे विशेष लक्ष असे. अशा मातांनी तान्ही मुले वर्गात आणली तरी त्यांची हरकत नसे. उलट त्या आणा म्हणूनच सांगत.

१० जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या ७१व्या वर्षी, त्या प्रभुचरणी विसावल्या. क्लार्क येथील संगणक-केंद्रास त्यांचेच नाव देण्यात आले.